जोडाला केळ्याचा वास

सिनेमा कसा दाखवतात, असं मला अजूनही कुणी ना कुणी विचारतं. मी सांगतो, "भीत भीत." ऐकणाऱ्याला वाटतं, म्हातारा थट्टा करतो आहे. पण ज्याने गावोगाव तंबू ठोकून मशीन चालवलं आहे, त्याला विचारून पाहा. त्या काळची फिल्म म्हणजे जवळजवळ दारूगोळाच होती. ठिणगी पडली की भडकायची आणि एकदा भडकली की पाण्यानेही विझायची नाही. अशी फिल्म आम्ही कार्बनच्या धगधगत्या दिव्यासमोरून सबंध संध्याकाळ पळवायचो. ती पळत असली तर ठीक. कुठे अडकून क्षणभर थांबली, तर पडद्यावर नायिकेच्या गालावर तपकिरी डाग उमटायचा. लोकांना वाटायचं, गोष्टीतच काहीतरी घडलं. आत केबिनमध्ये आम्ही दिव्याच्या झाकणाकडे झेपावायचो. लोक हसले, रडले, त्यांनी शिट्ट्या मारल्या, पण मी उभ्या आयुष्यात एकही चित्र डोळे भरून पाहिलेलं नाही. माझं सगळं लक्ष मशीनच्या खटखटीकडे असायचं.

माझी आई म्हणायची, हे पोरगं पाळण्यातसुद्धा कपाळाला आठ्या घालून झोपायचं. असा माणूस या धंद्याला बराबर, हे पहिल्यांदा ओळखलं ते बाळापूरकर सरांनी.

नरहर बाळापूरकर हैदराबादेत एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचे. मूळचे आमच्याच भागातले. मी कळमनुरीजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याचा मुलगा. वडिलांनी मोठ्या हौसेने मला इंटरला हैदराबादला धाडलं होतं. महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. काळी शेरवानी, डोक्यावर टोपी, आणि उर्दूत सुरू झालेलं वाक्य मराठीत संपवायची खोड, असे हे सर. प्रकाशाचा पाठ आला की ते वर्गाच्या खिडक्या लावून घेत, हाताने फिरवायच्या एका जुनाट मशीनवर फिल्मचा तुकडा चढवत आणि भिंतीवर घोडा पळवत.

"काय पाहिलंत?" त्यांनी विचारलं.

"घोडा पळताना, सर."

"साफ खोटं. तुम्ही उभे घोडे पाहिलेत, एकामागून एक. आणि दोन घोड्यांच्या मध्ये काय पाहिलंत?"

"भिंत," कुणीतरी म्हणालं.

"अंधार. जवळजवळ निम्मा वेळ तुम्ही ठार अंधारात बसला होतात. पण पुढचं चित्र येणार याची तुम्हाला खात्री होती, म्हणून अंधार दिसला नाही."

कॉलेजात सिनेमा नावाचा विषय नव्हता, तरी पोरं त्यांना सिनेमाचे प्रोफेसर म्हणायची. ते वरिष्ठांच्या कानावर गेलं. अभ्यासाच्या वर्गात घोडे पळवणं त्यांना पसंत पडलं नाही. हुज्जत वाढत गेली आणि एक दिवस सर नोकरी सोडून मोकळे झाले. त्याच वर्षी मी इंटरला नापास होऊन गावी परतलो. ज्वारीच्या रानात पाखरं हाकत बसलो होतो, तर बांधावरून शेरवानी घातलेला माणूस चालत आला.

"सखाराम, मी तंबूचा सिनेमा काढतो आहे," सर म्हणाले. "मला एक भित्रा माणूस पाहिजे. धीट माणसं मशीन जाळतात."

वडील खुरपं हातात घेऊन उभे राहिले. "मास्तर, आमच्या लेकराला तुमी तिकडं काय शिकवलं म्हणायचं?"

"उजेड शिकवला."

"मंग न्या त्याला," वडील म्हणाले. "दिवसाढवळ्या रानात त्येचा काय उपेग न्हाई."

अशी आमची कंपनी झाली. एक प्रोफेसर, एक नापास विद्यार्थी आणि गाडीवान थावरा. थावरा तांड्यावरचा. त्याच्या आजा-पणजाने बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. त्यामुळे कुठल्याही दोन गावांमधली वाट त्याला पायाखालची. इंजिन, मशीन, तंबू आणि पडदा त्याच्या गाडीत, आणि आम्ही दोघं मागे चालत. सुगीनंतर जत्रा आणि आठवडी बाजार धरायचे आणि पावसाळ्यात एखाद्या जिनिंगची रिकामी शेड गाठायची, असा आमचा क्रम. सर माझे गुरू होते, पण तंबूच्या एका कोपऱ्यात वर्षानुवर्षं एकाच चुलीवरचं खाल्लं की गुरुपण फार दिवस टिकत नाही. ते आमटीत मीठ जास्त घालायचे आणि मी ते तोंडावर सांगायचो. ते जोरजोरात घोरायचे आणि सकाळी नाकबूल करायचे. मला वाऱ्याची, ठिणगीची, गर्दीची, सगळ्याची काळजी. त्यांना कशाचीच नाही, आणि याचीच मला जास्त काळजी.

बाहेरच्यांना एक गोष्ट सांगितली पाहिजे. आमचा पडदा साध्या मांजरपाटाचा होता आणि खेळाआधी आम्ही तो पाण्याने भिजवायचो. ओल्या कापडातून चित्र आरपार दिसतं. पुढच्या बाजूला पुरुष बसायचे, मागच्या बाजूला बाया. चित्र एकच, फक्त मागून पाहिलं तर डावं ते उजवं दिसायचं. जवळा बाजारला एका व्यापाऱ्याची आई, गंगाबाई, एकही खेळ चुकवत नसे. एकदा ती तणतणत केबिनपाशी आली. "तुमचा ह्यो राजा चांगल्या घरचा न्हाई. काहून डाव्या हातानं जेवून राहिला?" सरांनी तिला समजावलं आणि दुसऱ्या दिवशी मोठ्या मानाने पुढच्या बाजूला खुर्ची टाकून बसवलं. अर्धा खेळ झाल्यावर म्हातारी उठली आणि परत मागे जाऊन बसली. म्हणाली, "पुढून समदं उलटं दिसतंय." सर ही गोष्ट आयुष्यभर सांगत आणि दर वेळी नव्याने हसत.

दुसरी गोष्ट जोडाची. फिल्म तुटायचीच. तुटली की दोन्ही टोकं सरळ कापायची, एका टोकाचा मसाला, म्हणजे चित्राचा थर, पात्याने खरवडून काढायचा, त्यावर सिमेंटचा ओझरता हात फिरवायचा आणि दुसरं टोक वर दाबून धरायचं. सिमेंट म्हणजे एका बाटलीतलं पातळ औषध, त्याला पिकल्या केळ्यासारखा वास येतो. ताज्या जोडाला तो वास थोडे दिवस राहतो आणि मग उडून जातो. विणणारीची वीण ओळखू येते तसा जोडणाऱ्याचा जोड ओळखू येतो. सरांचा जोड तर मी डोळे मिटून ओळखला असता. जोड झाल्यावर ते त्याचे दोन्ही कोपरे कात्रीने किंचित उडवायचे, नखाने खुडल्यासारखे, म्हणजे मशीनमधून जाताना कोपरा कुठे अडकू नये. ही पद्धत मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही. मी ती उचलली, पण माझी कात्री नेहमी जरा जास्त आत जायची.

तुटलेलं सांधताना लागेल त्याहून केसभरही फिल्म कापलेली सरांना खपत नसे. न तुटलेली कापायचा तर प्रश्नच नव्हता. कळमनुरीला एकदा एका अधिकाऱ्याने खेळ पाहून फर्मावलं की, दरबारात प्रजा राजाकडे पाठ फिरवून निघून जाते तेवढं काढून टाका. फार नव्हतं, हातभर फिल्म होती. सर म्हणाले, "कापाकापी करायला मी शिंपी नव्हे." अधिकारी म्हणाला, मग खेळ बंद. आठवडी बाजाराचा दिवस, गावोगावची माणसं गाड्या जुंपून आलेली, आणि आम्ही भर उन्हात तंबूचे खुंटे उपटत होतो. मी पुरता वैतागलो होतो. "सर, हातभर फिल्मसाठी?" मी म्हणालो. ते म्हणाले, "सखाराम, आज हातभर दिली तर उद्या हा माणूस गज घेऊन येईल." थावरा गाडीत पडदा टाकता टाकता पुटपुटला, "आमचे परफेसरसाब म्हंजी बैल बसला तर बसला." सरांनी ते ऐकलं आणि त्यांना ते आवडलं.

हे सगळं सांगितलं ते पुढचं कळावं म्हणून.

देश स्वतंत्र झाला, पण आम्ही झालो नाही. आमच्यावर निजामाचाच अंमल होता. हिंगोलीच्या वरच्या अंगाला कनेरगावचा नाका आणि त्याच्या पलीकडे वाशिम, तिथे तिरंगा फडकत होता. इकडे तो नुसता घरात सापडला तरी माणूस आत जायचा. एरवी आमच्या फिल्मचे डबे वाशिमच्याच एका एजंटाकडून यायचे. अठ्ठेचाळीस साली मोटारी बंद झाल्या, माल अडला, आणि गावागावातून माणसं रातोरात घरं सोडून पलीकडे जाऊ लागली. आम्ही हिंगोलीत जिनिंगच्या शेडमध्ये होतो. वाशिमहून आणलेलं एक चित्र परत करायचं राहून गेलं होतं आणि कार्बनच्या कांड्या संपत आल्या होत्या.

"मी जाऊन येतो," सर म्हणाले.

मी त्यांना नाना परीने सांगून पाहिलं. ते त्या दिवसांत आमच्या पडद्यासारखेच झाले होते. इकडून पाहणाऱ्याला शेरवानीतला हा माणूस सिनेमाच्या निमित्ताने पलीकडे निरोप नेणारा वाटायचा, आणि तिकडून पाहणाऱ्याला निजामाचा हस्तक.

"सर, निदान कपडे तरी बदला."

"नाक्यावर शेरवानीच लागते. नाका ओलांडला की धोतर नेसतो. घेतलं आहे बरोबर." त्यांनी बोचकं वर करून दाखवलं. "तू कार्बन जपून वापर. आणि चेहरा नीट कर, प्रेक्षक पळून जातील."

गाडी गेली. ती परत आली तेव्हा गाडीत डबा नव्हता आणि सरही नव्हते.

थावराने बैल सोडले नाहीत, तसाच जुवाला धरून उभा राहिला. "नाका बराबर वलांडला, भाऊ. साब म्हणले, त्या लिंबाखाली कपडे बदलतो. लिंबापोतर गेलोच न्हाई. तिकडून पोरं आली, दहा-वीस असतील, काठ्या घिऊन. शेरवानी पाहिली अन् त्यायनं वढून खाली घेतलं. म्या सांगून राहिलो, आमचे परफेसरसाब हायेत, खेळवाले हायेत. कोण आइकतं? मला म्हणले, तू जाय, न्हाई तर तुझे बी पाय मोडतो. डबा बी घेतला."

"सर काय म्हणाले?"

"साब म्हणले, डबा उन्हात ठिऊ नका."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते आजही नीट सांगता येत नाही. रोज नवी बातमी. कुणी म्हणे अकोल्याच्या तुरुंगात आहेत. कुणी म्हणे नाल्यात एक प्रेत सापडलं, अंगावर काळं काहीतरी होतं. मी पोस्टाचं नाव काढू शकत नव्हतो, कारण पलीकडे पत्र टाकणं म्हणजे आपल्या हाताने आपली तक्रार लिहिणं. माझ्या वाटची भाकरी मी बैलांना घालायचो. आमटीत मीठ बेताचं पडायचं आणि त्यानेच मला जास्त रडू यायचं.

सिनेमा बंद ठेवावा म्हटलं, तर तीही सोय नव्हती. गावचे अमीन, म्हणजे पोलिसांचे साहेब, स्वतः शेडमध्ये आले. पन्नाशीचा, पोटाने त्रस्त, तसा बरा माणूस.

"देखो मास्टर," ते म्हणाले, "खेल बंद हुआ तो लोगां बोलते, हिंगोली में गडबड है. खेल चलना. बराबर चलना."

आमच्याकडे स्वतःच्या मालकीचं एक जुनं पौराणिक चित्र होतं. तेच मी रोज लावत राहिलो. हळूहळू शेडमध्ये कुत्री जास्त आणि माणसं कमी दिसू लागली. अमीनसाहेब परत आले. नवा खेळ आणा, नाहीतर मशीन जप्त, आणि तुमचा प्रोफेसर कुठे गेला याचाही जबाब द्यावा लागेल. मी सांगितलं, माल पोचवायला गेलेत, वाटा बंद आहेत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग मी थावराला सांगितलं, आणि तांड्यावरच्या जनावरांच्या व्यापाऱ्याबरोबर वाशिमच्या एजंटाला तोंडी निरोप गेला की, हाताशी असेल ते चित्र पाठवा.

डबा आला तो बाजाराच्या दिवशी, भर दुपारी, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. व्यापाऱ्याला तो वाशिमच्या बाजारात एका हमालाने आणून दिला होता. सरांचं नाव काढलं, तर त्याने मान हलवली. कुणाला पाहिलं नाही, कुणी काही सांगितलं नाही. मी डब्यावरचं चित्राचं नाव वाचलं आणि तो उचलून घाईघाईने शेडमध्ये नेला.

ते चित्र वाशिमला जाऊन आलेल्यांच्या तोंडी झालं होतं. एका शाळामास्तराची गोष्ट. शेवटी मास्तर मरतो आणि त्याची पोरं शाळेच्या पटांगणात तिरंगा उभारून गाणं म्हणतात. तिकडे लोक त्या जागी उभे राहतात म्हणे. एजंटाने हाताशी होतं ते पाठवलं होतं. मी डबा उघडण्याआधी अमीनसाहेब दारात उभे होते. त्यांच्या कानावरही ते गेलेलं होतं.

"सुना है, आखिर में झंडा है," ते म्हणाले. "पहले मैं देखूंगा. अभी. दरवाजे बंद करो."

मी म्हटलं, साहेब, नवी आलेली रिळं तपासल्याशिवाय मशीनवर चढवता येत नाहीत, आग लागेल. हे खरं होतं. माझ्या मनात अर्थात दुसरंही होतं, कात्री. त्यांनी ते ओळखलं असावं. त्यांनी एक जवान माझ्या शेजारी स्टुलावर बसवला आणि सांगितलं, "इनके हाथ पे नजर रखना."

रीळ तपासायचं म्हणजे एका चाकावरून दुसऱ्या चाकावर गुंडाळत न्यायचं आणि मधल्या मध्ये फिल्मची कड दोन बोटांत धरायची. फाटलेली भोकं, सुटलेले जोड, सगळं बोटाला कळतं. मी एकेक रीळ काढत होतो. जवान माझ्या हाताकडे बघत होता. माझ्या डोक्यात एकच चाललं होतं, झेंडा पडद्यावर आला तर काय? मी म्हणणार, मला माहीत नव्हतं. ते म्हणणार, तुझा प्रोफेसर पलीकडे आणि झेंड्याचं चित्र इकडे, आणि तुला माहीत नव्हतं? आईला कोण सांगेल? मशीनचं काय होईल? आणि सर जिवंत असले, परत आले, तर ते सरळ यांच्या हातात सापडतील.

शेवटच्या रिळाचं झाकण उघडलं आणि वास आला.

आधी मला वाटलं, जवानाने केळं खाल्लं असेल. मी त्याच्याकडे पाहिलं. तो सुपारी चघळत होता. मी चाक फिरवू लागलो, वास वाढला. रीळ संपत आलं आणि बोटाला जोड लागला. मी थांबलो. डाव्या कडेचा कोपरा नखाने खुडल्यासारखा उडवलेला होता, अगदी बेताचा. माझा नव्हे. दुसऱ्या कुणाचा तर नव्हेच.

सर जिवंत होते. नुसते जिवंत नव्हते, चार दिवसांमागे कुठेतरी बसून त्यांनी या फिल्मवर सिमेंट लावलं होतं. मला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. पण बोट दुसऱ्या कडेला गेलं आणि आनंद तिथेच अडला. त्या बाजूचा कोपरा वेडावाकडा होता, कात्री घसरल्यासारखा. सरांची कात्री कधी घसरत नसे. माणूस आहे, पण हात धड नाही.

"क्या हुआ?" जवानाने विचारलं.

"जोड आहे. पाहतो पक्का आहे का."

मी फिल्म दिव्यासमोर धरली. जोडाच्या अलीकडे पोरं शाळेच्या दारातून बाहेर धावत येतात. पलीकडे मास्तराची आई उंबऱ्यात बसली आहे. मधलं पटांगण नव्हतं, झेंडा नव्हता, गाणं नव्हतं. हातभर फिल्मसाठी बाजाराच्या दिवशी तंबू उपटणाऱ्या माणसाने अख्खं गाणं कापून काढलं होतं, त्याहून मोठं म्हणजे, ज्यासाठी त्या वेळी माणसं मरत होती ते कापून काढलं होतं, कारण ते इकडे माझ्या मशीनवर चढणार होतं. डोळ्यात पाणी आलं, ते मी धुरामुळे म्हणून पुसलं. धूर कुठेच नव्हता.

शेडची दारं लावली. अमीनसाहेब बाकावर एकटे बसले. मी चित्र सुरू केलं. सबंध खेळभर माझा हात दिव्याच्या झाकणावर होता, कारण तो वाकडा कोपरा मशीनमध्ये अडकला, फिल्म तुटली आणि आग लागली, तर सगळंच संपलं. शेवटचं रीळ लागलं. मास्तर मेला. पोरं दारातून धावत बाहेर आली. खट्, असा बारीक आवाज झाला, पडद्यावर चित्र एवढंसं उडालं आणि म्हातारी उंबऱ्यात दिसली.

"यहां कुछ कटा क्या?" अंधारातून आवाज आला.

"जुना माल आहे साहेब," मी म्हणालो. "बहोत जगह टूटा हुआ है."

ते चित्र संपेपर्यंत बसले. मग उठले, टोपी घातली. "अच्छा खेल है," म्हणाले. "मां का काम बहोत अच्छा." मला वाटतं, त्यांनाही सुटल्यासारखं झालं होतं. जाताना त्यांनी प्रोफेसरांचं नाव काढलं नाही.

त्यानंतरही बरेच दिवस गेले, पण ते वेगळे होते. रोज खेळ सुरू करण्याआधी मी शेवटचं रीळ काढून त्याच्या जोडाचा वास घ्यायचो. वास कमी कमी होत गेला आणि एक दिवस नुसता फिल्मचाच वास उरला. वर्गातला घोडा आठवायचा. निम्मा वेळ अंधार, पण पुढचं चित्र येणार याची खात्री. मला ती खात्री काही केल्या राहत नव्हती. सर प्रकाश शिकवू शकले, हे शिकवू शकले नाहीत.

सप्टेंबरात फौजा आल्या आणि निजामाचा अंमल संपला. हिंगोलीत लोक रस्त्यावर नाचत होते, काही घरांची दारं आतून घट्ट लागलेली होती, आणि मी वाशिमच्या रस्त्यावर जाऊन उभा होतो. थावरा मला ओढून परत आणायचा, मी परत जायचो. अखेर एका लष्करी लॉरीतून ते उतरले. धोतर नेसलेले. मी त्यांना आधी ओळखलंच नाही, शेरवानीशिवाय मी त्यांना कधी दिवसा पाहिलं नव्हतं. उजव्या हाताची दोन बोटं वाकत नव्हती.

पोरांनी मारलं होतं, मग त्यातल्याच एकाने त्यांना ओळखलं. त्याने कधीतरी आमच्या तंबूत खेळ पाहिला होता. मग त्या पोरांनीच सरांना वाशिमच्या एजंटाच्या दुकानात नेऊन टाकलं. तिथेच मागच्या खोलीत ते पडून होते. हिंगोलीला कोणतं चित्र पाठवलं जाणार आहे हे त्यांच्या कानावर पडलं, तेव्हा डबा बांधून झाला होता. तो सोडवायला लावून त्यांनी मोडक्या हाताने कात्री मागितली. निरोप पाठवला असता, पण नाक्यावर तो निरोप्याच्या पोटातून काढून घेतला असता.

"सर," मी म्हणालो, "तुम्ही कापलंत? तुम्ही?"

"चित्राची दुसरी प्रत निघते, सखाराम," ते म्हणाले आणि लगेच चिडले. "किती बारीक झाला आहेस. जेवत नव्हतास का?"

बोचक्यातून त्यांनी तंबाखूची एक चपटी डबी काढली. तिच्यात ते कापलेलं गाणं गुंडाळून ठेवलेलं होतं. पहिला मोकळा खेळ त्याच शेडमध्ये झाला. त्याआधी सरांनी रीळ माझ्यापुढे ठेवलं. "तू लाव. मला आता जमणार नाही." मी जोड लावला, कोपरे उडवले. त्यांनी धड बोट कडेवरून फिरवलं, पुन्हा फिरवलं. "अजूनही जरा जास्तच कापतोस," म्हणाले. संध्याकाळी झेंडा वर चढला तेव्हा सगळी शेड उभी राहिली. मी उभा राहू शकलो नाही. मला मशीनवर लक्ष ठेवायचं होतं.

पुढे आम्ही कितीतरी वर्षं एकत्र होतो. तंबू गेला, पक्कं थिएटर झालं, मी मशीनपाशी आणि ते माझ्यामागे खुर्चीवर. त्या दिवसानंतर प्रत्येक जोड मीच लावला आणि प्रत्येकाला त्यांनी नाव ठेवलं. आमटीत मीठ मात्र शेवटपर्यंत त्यांनीच घातलं. ते म्हातारे होऊन, बिछान्यात, माझ्याशी भांडून गेले. असं मरण सगळ्यांना मिळत नाही, हे मी मनाला सांगतो. मन ऐकतंच असं नाही.

हल्ली मी नातीबरोबर बाजारात जातो. वसमतकडून केळ्यांचा टेम्पो आलेला असतो, घड उतरवत असतात. मी तिथे उभा राहतो. नात हात ओढते. "आबा, काहून थांबले तुमी?" तिला काय सांगायचं? तो वास नाकात शिरतो आणि छातीवरचं ओझं एकदम उतरतं. एवढं वय झालं, त्यांना स्मशानात मीच पोचवून आलो, तरी तेवढा वेळ मला नक्की वाटतं की माणूस सुखरूप आहे, फक्त वाटा बंद आहेत. मग केळीवाला विचारतो, किती देऊ? मी डझनभर घेतो आणि नातीचा हात धरून घरी येतो.